दफेदारांची आणखी एक बैठक

येसबा दफेदारांकडे चित्र काढून घ्यायला गेलं की आधी अंगणात तीन फेऱ्या माराव्या लागत. "चालवून बगितल्याबिगर जनावर कळत न्हाई," ते म्हणायचे. जनावर म्हणजे गिऱ्हाईक. एका बागाईतदार पाटलांना त्यांनी भर उन्हात फिरवलं आणि वर विचारलं, "पाटील, उजव्या खुरात काय सलतंय का?" पाटील एकदम खूश. त्यांच्या टाचेतलं कुरूप घरच्यांनाही माहीत नव्हतं.

मी साताऱ्यातल्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर, मुंबईला राहून रीतसर डिप्लोमा घेतलेला. दफेदारांचं आयुष्य रिसाल्यात, घोड्याच्या पाठीवर गेलं. पागेत घोड्यांच्या नावांच्या पाट्या रंगवता रंगवता हातात ब्रश आला, एवढंच शिक्षण. सत्तरच्या दशकात ते पेन्शनीवर घरी आले आणि माझी गिऱ्हाइकं त्यांच्या अंगणात फेऱ्या मारू लागली. सांगलीचा एक हळदीचा व्यापारी तर आपला कुत्रा घेऊन माझ्या दारावरून पुढे गेला. मी जळायचो. "त्यांच्या चित्रात सगळ्यांची तोंडं घोड्यासारखी लांब येतात," असं सांगत फिरायचो. तशी ती येत नव्हती.

मग आमच्या सुमतीनंच घाव घातला. तुझं चित्र काढीन, असा शब्द मी तिला लग्नात दिला होता. पंधरा वर्षं मुहूर्त लागला नाही. एका दुपारी मांजर काखोटीला मारून ती दफेदारांपुढे जाऊन बसली. वडिलांच्या वयाचा माणूस, मी बोलणार काय?

तीन बैठका ठरल्या होत्या, त्यांच्या पंधरा झाल्या. "आणखी एक बैठक लागंल," असं दफेदार दर वेळी सांगायचे. सुमती हसतच घरी यायची. "दफेदार आबांनी आज घोडीचं बाळंतपण सांगितलं." मला जेवण जाईना.

शेवटी एका रविवारी मीच गेलो. चुका काढायच्या आणि चित्र असेल तसं उचलून आणायचं, हे पक्कं होतं. दफेदार चहा ठेवायला आत गेले आणि मी चित्रावरचं फडकं ओढलं. मांडीवर रुसलेलं मांजर, आणि सुमती. बोलता बोलता थांबली की तिच्या ओठाच्या कडेला एक मुरड पडते, तीसुद्धा होती. मी ती रोज समोर असून कधी पाहिली नव्हती. फार लागलं मला ते.

काहीतरी खोट काढायची म्हणून गालावर बोट टेकवलं. रंग खडखडीत वाळलेला. तेलरंग इतका वाळायला किती दिवस लागतात, ते मला कुणी शिकवायला नको. भिंतीशी पाटलांचं चित्र होतं, त्या कुत्र्याचंही होतं. तीही हात लावून पाहिली. सगळी केव्हाच पुरी झालेली.

बायको गेलेली, मुलगा सांगलीला नोकरीत. घरात माणूस एकटा, आणि फळीवर सहा कपबशा धुऊन मांडलेल्या.

दफेदार चहा घेऊन आले, तेव्हा माझं बोट पुन्हा सुमतीच्या गालावर होतं. त्यांनी ते पाहिलं. चहा खाली ठेवून त्यांनी फडकं उचललं.

"आवं मास्तर," ते खाली बघत म्हणाले, "थोडं ऱ्हायलंय अजून. न्हाई का?"

माझ्या हातून जन्मात असं चित्र झालं नसतं. आजही ते आठवलं की पोटात दुखतं.

"नाकापाशी बरंच काम आहे," मी म्हणालो. "आठ-दहा बैठका तरी लागतील. उद्या धाडतो तिला."

"व्हय," दफेदार म्हणाले, "मला बी नाकाचंच वाटत हुतं."