चौथा कोपरा

खण्‌ करून डब्याचं झाकण फरशीवर पडलं आणि गोल गोल फिरत गॅसच्या टाकीपाशी जाऊन निपचित झालं. चारच्या चहाची वेळ म्हणून वडगावच्या गल्लीतले साड्यांचे सगळे माग थांबले होते. त्या शांततेत तेवढा आवाजही वरातीच्या बँडासारखा वाजला. अंजनीनं आधी अंथरुणाकडं पाहिलं. पाच वर्षांच्या तेजस्वीनं फक्त कूस बदलली. मग तिनं डब्यात पाहिलं. पोहे होते. पोह्यांवर ठेवलेला कागद नव्हता.

कागद साधा नव्हता. परवा अंजनीचा फोन सुताला लावायच्या खळीच्या बादलीत पडला आणि वारला. नवरा रविराज हुबळीला नोकरीला. त्यानं अमेरिकेहून आलेल्या मित्राचा फोन घेऊन धाडून दिला. फोन देखणा, पण त्याला कार्ड घालायची खाचच नव्हती. सासरे सुबराव आप्पांनी तो तीनदा उलटासुलटा केला. म्हणाले, "ना दार, ना खिडकी. ह्यात नंबर शिरणार कुठनं?"

फोनच्या दुकानातल्या मुलीनं आज सकाळी उलगडा केला. आता कार्ड नसतं, ते फोनच्या पोटातच जन्मतः असतं. तिनं काळ्यापांढऱ्या घरांचा क्यूआर कोड कागदावर छापून दिला. "जुनं कार्ड बंद केलंय. दोन-तीन तासांनी फोनच्या कॅमेऱ्याला हे दाखवा, नंबर आत येईल. जपा हं, शनिवारी आम्ही लवकर बंद करतो. दुसरा कागद सोमवारीच."

आणि आजच पाचच्या आत संकेश्वरच्या शाळेतून फोन येणार होता. लागला नाही, तर मास्तरणीची जागा यादीतल्या पुढच्या बाईला. तेजस्वी झाल्यापासून अंजनीनं मुलाखत दिलेली ही पहिलीच नोकरी. म्हणून तर कागद पोह्यांच्या डब्यात गेला होता. आप्पांना पोहे आवडत नसत.

आप्पा पुढच्या खोलीत हातमागावर बसले होते.

"आप्पा, पोह्याच्या डब्यातला कागद बघितलासा काय?"

"व्हय की. शेंगदाणं हुडकताना घावला. रवीनं नक्षी धाडलीया न्हवं?"

"नक्षी न्हवं वो. त्यो माझा नंबर हाय!"

आप्पा मनापासून हसले. "गं बाई, चाळीस वर्सं झाली. काळं घर म्हंजे दोरा वर, पांढरं घर म्हंजे दोरा खाली. आता मला तू शिकीवणार?"

चूक त्यांची नव्हतीच. या घरात साडीची प्रत्येक नक्षी आधी चौकडीच्या कागदावर उतरते, मगच मागावर चढते. काळ्यापांढऱ्या घरांचा चौकोन दिसला की आप्पांना पदर दिसतो.

"पर एक हाय," आप्पा पुढं म्हणाले, "आजकालची पोरं लई घाई करत्यात. तीन कोपऱ्यांत झकास चौक, आणि चौथा मोकळा! गिऱ्हाईक काय म्हणंल? म्या मोजलं. सात घरं उभी, सात आडवी. चौथा चौक घातला आणि दिला मष्णूकडं."

अंजनी अनवाणीच पळाली. मष्णू चार घरं पलीकडं राहायचा. आप्पांच्या नक्ष्यांबरहुकूम मागाच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडायचं काम त्याचं. कागद त्याच्या पुढ्यातच होता.

"या वैनी. आप्पांनी चौक घातला त्ये ब्येस केलं. पर मदी लई मोकळं वाटत हुतं."

मध्यभागी आता लाल शाईची एक गुबगुबीत कोयरी होती. देठासकट.

अंजनीनं फोन धरला. जवळून, लांबून, तिरका. फोननं पुष्कळ विचार केला आणि गप्प राहिला.

"त्याला काय कळतंय वैनी," मष्णूनं धीर दिला, "साडी नेसणारीला कळतंय."

मष्णूच्याच फोनवरून तिनं दुकानाला लावलं. घंटी वाजून वाजून थकली. साडेचार झाले होते. शाळेला लावावं तर नंबर बादलीत वारलेल्या फोनमध्येच. ती घरी आली आणि उंबऱ्यावर बसली ती बसलीच. मागोमाग मष्णू, कोयरीवाला कागद पाठीमागं लपवून.

आप्पा माग सोडून बाहेर आले. "काय झालं गं?"

"शाळंचा फोन येणार हुता आप्पा, पाचच्या आत. आता नोकरी गेली."

आप्पांचा चेहरा उतरला. एकदा त्यांनी मष्णूकडं पाहिलं, एकदा सुनेकडं. मग म्हणाले, "रडू नगंस. दुसऱ्याच्या नक्षीला हात लावायच्या आदी ती हाय तशी उतरून घ्यायची, ह्यो आमच्या बाचा दंडक हाय. म्या काय अडाणी हाय व्हय?"

त्यांनी मागाखालच्या पेटीतून चौकडीचा कागद काढला. घर न् घर जसंच्या तसं काळ्या शाईनं उतरवलेलं. चौथा कोपरा मोकळा.

प्रायश्चित्त म्हणून मष्णूनं आपल्या फोनचं नेट दिलं. अंजनीनं कॅमेरा धरला, पण तिची नजर सारखी घड्याळाकडं वळायची, फोन हलायचा आणि पडद्यावर नुसती मुंग्यांची रांग दिसायची.

"दे हिकडं," आप्पा म्हणाले. चाळीस वर्षं तुटलेले दोरे जोडलेला तो हात. फोन हवेत खिळ्यानं ठोकल्यासारखा राहिला. पडद्यावर प्रश्न आला: नंबर जोडायचा का?

"जोड की मर्दा!" आप्पा फोनवर ओरडले. अंजनीनं बटण दाबलं.

पाचाला सात मिनिटं कमी असताना नंबर आला. तीन मिनिटं कमी असताना संकेश्वर आलं. "अंजनीबाई, दुपारपासून लावतेय, कुठं होतात? सोमवारी रुजू व्हा. साडेआठला हजर पाहिजे."

मष्णूनं गल्लीभर सांगून टाकलं. आप्पांनी डोळे पुसले आणि कागदाकडं पाहत पुटपुटले, "तरी मी म्हणतो, चौथा चौक पायजेच हुता."

गलक्यानं तेजस्वी उठली. आई सोमवारपासून सहाच्या बसनं संकेश्वरला जाणार, एवढं तिला कळलं. अंजनीच्या मांडीत शिरून तिनं फोन हातात घेतला, सगळ्या कडांवरून बोट फिरवलं.

"आई, तुझा नंबर कुठाय ह्यात?"

"आतच हाय गं. आता त्यो येगळा काढायचा नसतोय. फोन जाईल तिकडं त्येच्यासंगंच जातोय."

"संकेश्वरला बी?"

"व्हय की."

तेजस्वीनं फोन आईच्या पोटाला टेकवला. आप्पा आत जाऊन मागावर बसले होते, पण माग काही सुरू झाला नव्हता.

"मी बी पयलं तुझ्या आतच हुते न्हवं?"

"व्हय गं माझ्या बाळा."

"मग मला भाईर कशाला काढलीस?"