अगाथाबाईंची ट्रंक लाइन

आमच्या चर्चमध्ये प्रार्थनेचे तीन प्रकार आहेत: ऑर्डिनरी, अर्जंट आणि लायटनिंग. हे वर्गीकरण रोमहून आलेलं नाही. ते अगाथाबाईंनी केलेलं आहे.

रविवारच्या मिस्सेनंतर, म्हणजे उपासनेनंतर, चर्चमागच्या हॉलमध्ये मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग भरतो. आम्ही त्याला कॅटकिझम म्हणतो. आठ-नऊ वर्षांची मुलं तिथे पहिल्या कम्युनियनची तयारी करतात, म्हणजे मिस्सेतला ख्रिस्तप्रसाद पहिल्यांदा घेण्याची. त्याआधी पहिलं कन्फेशन असतं. फादरांपुढे एकट्याने जायचं आणि आपल्या चुका आपल्या तोंडाने सांगायच्या. हा वर्ग अगाथाबाई घेतात. प्रार्थनेसाठी एखाद्या पोराने हात जोडले रे जोडले की टीचर विचारतात, "कसला कॉल? अर्जंट की ऑर्डिनरी?"

"टीचर, मला गणितात पास कर म्हणून."

"परीक्षा कधी?"

"मार्चमध्ये."

"ऑर्डिनरीत टाक. आणि अभ्यास कर, लाइन लवकर लागते."

आजी दवाखान्यात असेल तर अर्जंट. लायटनिंग मात्र सहसा मिळत नाही. एकाने हरवलेल्या बुटासाठी लायटनिंग मागितला तेव्हा बाई म्हणाल्या, "लायटनिंग पंतप्रधान लावतात. तू आधी बाकाखाली बघ." बूट बाकाखालीच होता.

अगाथाबाईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. ज्यांनी मोबाइलच पाहिला आहे त्यांच्यासाठी सांगतो. पूर्वी परगावी फोन करायचा तर ऑपरेटरकडे नंबर नोंदवून वाट बघत बसावं लागे. हा ट्रंक कॉल; जेवढी घाई आणि जेवढे पैसे, त्याप्रमाणे ऑर्डिनरी, अर्जंट किंवा लायटनिंग. लाइन लागली की ऑपरेटर सांगे, "बोला, लाइन चालू आहे." तीन मिनिटं झाली की तोच आवाज मध्ये येई, "तीन मिनिटं झाली. वाढवायची?" पुढे लोक स्वतःच परगावचे नंबर फिरवू लागले, बाईंची खुर्ची दुसऱ्या टेबलाला गेली आणि यथावकाश बाई निवृत्त झाल्या. आवाज मात्र निवृत्त झाला नाही.

वर्गाच्या शेवटी मुलांनी डोळे मिटून मनातल्या मनात देवाशी बोलायचं, असा त्यांचा नियम. थोड्या वेळाने बाई म्हणतात, "तीन मिनिटं झाली. वाढवायची कोणाला?" त्यांच्या हाताला घड्याळ नसतं आणि हॉलमधलं बंद आहे. मी एका कारखान्याच्या कॉस्टिंग खात्यात काम करतो. वेळ आणि माल मोजल्याशिवाय माझा कशावर विश्वास बसत नाही. माझी मुलगी जेनी त्या वर्गात होती तेव्हा मी दाराशी उभा राहून चार रविवार घड्याळ लावून पाहिलं. तीन मिनिटं म्हणजे तीन मिनिटं. पाचव्या रविवारी बाई जाता जाता म्हणाल्या, "काय साळवे, बरोबर आहे ना? की किल्ली द्यायची मला?"

पाठांतराला त्यांच्या वर्गात मान नाही. शब्द चुकला तर त्या रागावत नाहीत, पुटपुटलं तर रागावतात. "मोठ्याने. ट्रंक लाइन आहे. एवढ्या लांबून आवाज जायचाय, आणि तू ओठ वाचवतोयस?"

कन्फेशनच्या तयारीला तर त्यांनी एक स्वतंत्र शास्त्रच केलं आहे. मुलांची अडचण अशी की पाप आठवत नाही. मग ती एकमेकांची पापं घेतात. एका वर्षी रांगेतल्या सातही मुलांनी नमुना म्हणून एकच पाप सांगितलं, "मी बहिणीचा खोडरबर चोरला." त्यांतल्या तिघांना बहीणच नव्हती. बाई म्हणाल्या, "पाप उसनं चालणार नाही. ज्याचं त्याने आणायचं. घरी नीट बघा, सापडेल." दुसऱ्या एकाने धोका नको म्हणून दहा आज्ञा ओळीने घेतल्या आणि सगळ्या मोडल्याचं कबूल केलं.

"दहावी पण? शेजाऱ्याच्या बैलाचा लोभ धरलास?"

"हो टीचर."

"बैल कुठे दिसला तुला, पुण्याच्या कॅम्पात?"

"पोळ्याला, टीचर. गावाला."

"मग शिंगांना बेगड होती का?"

"होती."

"मग ठीक आहे," बाई म्हणाल्या, "तो लोभ बैलाचा नव्हता, बेगडीचा होता. तेवढंच सांग."

हे झालं वर्गातलं. खरा सराव तिवईवरच्या फळ्यामागे होतो. तिथे दोन खुर्च्या आहेत. एकीवर बाई भिंतीकडे तोंड करून बसतात. दुसरी त्यांच्या उजव्या हाताला. मूल एकेकटं जातं, तिथे बसून त्यांच्या कानाशी बोलतं आणि बाहेर येतं. आत जाताना रडवेलं गेलेलं मूल बाहेर येऊन सरळ खेळायला पळतं, हे मी स्वतः पाहिलं आहे. जेनी फळ्यामागे जे बोलली ते बाईंनी मला कधी सांगितलं नाही. मी आडवळणाने एकदा विचारलं होतं. "साळवे," त्या म्हणाल्या, "ऑपरेटर लाइन जोडतो. ऐकत नाही."

हा वर्ग त्यांच्याकडून जायची वेळ आली ती वर्गातल्या रियामुळे. खरं म्हणजे रियाच्या वडिलांमुळे.

हे कुटुंब वाघोलीच्या नव्या इमारतींत राहायला आलेलं. वडील हिंजवडीला नोकरी करतात. शहराच्या एका टोकाला घर, दुसऱ्या टोकाला कचेरी, त्यामुळे रविवारपर्यंत त्यांच्या डोक्यात आठवड्याचं ट्रॅफिक साठलेलं असतं. माणूस वाईट नाही. रिया इतकं हळू बोलते की समोरच्याला वाटावं नुसतेच ओठ हलले. शाळेतही तसंच. डॉक्टर म्हणाले, काही दोष नाही, वेळ द्या. आणि इथे बाई दर रविवारी तिला म्हणणार, "मोठ्याने. ट्रंक लाइन आहे."

त्यांनी नव्या फादरांकडे तक्रार केली. फादर तरुण आणि मन लावून काम करणारे. त्यांनी आम्हा चर्चच्या पॅरिश समितीच्या चौघांना, रियाच्या वडिलांना आणि बाईंना हॉलमध्ये बोलावलं.

रियाचे वडील म्हणाले, "माझी मुलगी आधीच घाबरते. ह्या तिच्यावर ओरडतात. आणि मला सांगा फादर, गेल्या रविवारी गेटपाशी मी यांना तीनदा हाक मारली. यांनी मान वळवली नाही. ही कुठली पद्धत?"

बाई म्हणाल्या, "तुम्ही हाक मारलीत? कुठल्या बाजूने?"

बाई समोर फळ्याकडे बघत होत्या. फादर त्यांच्या उजव्या हाताला बसले होते. ते आम्हाला जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू म्हणाले, "अगाथाबाई, चहा सांगू का तुमच्यासाठी?"

बाई फळ्याकडे बघत राहिल्या.

आमच्या नजरा बदललेल्या त्यांना दिसल्या असाव्यात. त्यांनी प्रत्येकाच्या तोंडाकडे बघितलं, मग फादरांकडे वळल्या. "परीक्षा घेतलीत होय? बरं केलंत. उजवा कान गेलेला आहे. कशाने गेला ते डॉक्टरलाही सांगता आलं नाही. डावा शाबूत आहे. मला एक लाइन पुरते."

"अहो, पण तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत," मी म्हणालो.

"सांगितलं असतं तर वर्ग ठेवला असतात माझ्याकडे?"

रियाचे वडील एकदम म्हणाले, "थांबा. फळ्यामागे मुलांना उजवीकडे बसवता ना तुम्ही? म्हणजे मुलं एवढं मनातलं सांगतात ते बहिऱ्या कानात?"

"मग कुठे सांगतील?" बाईंना खरंच आश्चर्य वाटलं. "ते माझ्यासाठी नसतंच मुळी. पोराला एकदा आवाज काढून स्वतःचं खरं बोलायची सवय लागली पाहिजे. शेजारी माणूस पाहिजे, नाहीतर भिंतीशी बोलल्यासारखं होतं. पण त्या माणसाने ऐकलं नाही पाहिजे, नाहीतर पोर निम्मंच बोलतं. एक्स्चेंजमध्ये लाइन जोडली की कानावरचं काढून ठेवायचो आम्ही. आता काढायची पण गरज नाही. देवाने सोय करून ठेवलीय."

फादरांनी चष्मा पुसला. रियाच्या वडिलांचं समाधान झालं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर समितीतल्या दोघांचंही नव्हतं. न ऐकणारी बाई प्रार्थना तपासणार कशी, हा प्रश्न रास्तच होता. शेवटी फादर म्हणाले, "पुढच्या रविवारी मी प्रत्येकाची प्रार्थना स्वतः ऐकतो. मुलं तयार असतील तर वर्ग बाईंचा. नसतील तर दुसरी सोय बघू."

बाई उठल्या, छत्री घेतली. "ऑर्डिनरी नाही हा," एवढंच म्हणाल्या.

घरी येऊन मी हे हलक्या आवाजात बायकोला सांगत होतो. जेनी आतून म्हणाली, "बाबा, त्यांचा उजवा कान बंद आहे हे तुम्हाला आत्ता कळलं?"

"तुला माहीत होतं?"

"सगळ्यांना माहीत असतं. मोठी मुलं सांगतात नव्यांना. प्रार्थना डावीकडून, पाप उजवीकडून."

त्या वर्गातून आजवर किती मुलं गेली असतील याचा मी मनात हिशेब केला. त्यांतल्या एकानेही घरी चहाडी केली नव्हती. आमच्या खात्यातल्या सहा माणसांत एक गोष्ट दुपारच्या जेवणापर्यंत टिकत नाही.

पुढच्या रविवारी फादर हॉलच्या मधोमध खुर्ची टाकून बसले. बाई बाजूला, बाकावर. मुलं एकेक करून आली. 'नमो मरिया' झालं, पश्चात्तापाची प्रार्थना झाली. बैलवाल्याच्या धाकट्या भावाने तर इतक्या मोठ्याने म्हटली की आवारातलं कुत्रं उठून गेलं. शेवटी रियाचं नाव आलं.

ती फादरांपुढे उभी राहिली. ओठ हलले. फादर पुढे वाकले. तिने ओठ मिटून घेतले. तिचे वडील दाराशी उभे होते, त्यांनी मान खाली घातली. मीही जमिनीकडे बघू लागलो. 'मोठ्याने' हा शब्द त्या दिवशी बाईंनी उच्चारला नाही. फक्त बाकावर सरकून उजवीकडे थोडी जागा केली.

रिया गेली, त्या जागेत बसली आणि बाईंच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन म्हणू लागली. "हे आमच्या स्वर्गातील पित्या..." आवाज बारीक, पण स्पष्ट. फादर उठून दबक्या पावलांनी तिच्या मागे जाऊन उभे राहिले. पहिली ओळ, दुसरी, आमची रोजची भाकर, सगळी प्रार्थना, एक शब्द न गाळता. बाई समोर बघत होत्या. त्यांना एक अक्षर ऐकू येत नव्हतं. रिया थांबल्याचंही त्यांना कळलं नाही. ती बाजूला झाली तेव्हा त्यांनी फादरांकडे पाहिलं आणि विचारलं, "लागला का?"

"लागला, टीचर," फादर म्हणाले. ते नेहमी 'अगाथाबाई' म्हणत.

वर्ग बाईंकडे राहिला. रियाच्या वडिलांनी बाईंच्या डाव्या बाजूला येऊन माफी मागितली. बाई म्हणाल्या, "ऐकलं. पुरे." समितीने मात्र, समिती असल्यामुळे, एक ठराव केलाच: वर्गात बाईंच्या उजव्या बाजूला एक मदतनीस असावा. मदतनीस म्हणून मी. तेव्हापासून मी अगाथाबाईंचा उजवा कान आहे. फळ्यामागे मात्र मला बंदी आहे.

परत जाताना आम्ही बसथांब्यापर्यंत बरोबर जातो. मी आठवणीने डावीकडून चालतो. एकदा मी विचारलं, "एवढे कॉल जोडलेत तुम्ही. तुमचा स्वतःचा पहिला ट्रंक कॉल कुठला?"

"मी कधी लावला नाही."

"कधीच नाही?"

"लावायचा कुणाला?" त्या म्हणाल्या. "आई होती, ती माझ्याबरोबरच राहायची. ती गेली. परगावी माझं कोण आहे?" मग त्यांची बस आली आणि त्या चढून गेल्या.

कम्युनियनच्या रविवारी मी हॉलवर लवकर पोचलो. पांढऱ्या कपड्यांतली मुलं जमायची होती, खुर्च्या लावायच्या होत्या. दार उघडं होतं. फळ्यामागून कोणाचा तरी आवाज येत होता. मी कडेने पाहिलं. बाई त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत नव्हत्या. मुलांच्या खुर्चीत बसल्या होत्या, हात जोडून, किंचित वाकून. शेजारची, त्यांची स्वतःची खुर्ची रिकामी होती. त्या तिच्याशी बोलत होत्या. हळू. रिया बोलते तेवढ्या हळू.

आणखी दोन पावलं पुढे गेलो असतो तर शब्द कळले असते. मी मागे वळलो, बाहेर आलो आणि दार लोटून घेतलं.

तेवढ्यात मुलं आली. झगे सावरत, मेणबत्त्या सांभाळत, नेहमीचा गोंगाट करत. मी हात आडवा केला. काय सांगावं ते सुचेना. रिया सगळ्यांत पुढे होती. तिने दाराच्या फटीतून एकदा पाहिलं, मग वळून सगळ्यांकडे तोंड केलं आणि म्हणाली, "थांबा. टीचर लाइनवर आहेत." शेवटच्या मुलापर्यंत ऐकू गेलं.

सगळी मुलं पायरीवर बसली. मेणबत्त्या मांडीवर घेतल्या. माझ्या मनगटावर घड्याळ होतं. किती वेळ झाला ते मी पाहिलं नाही.