दहावा डबा

"रविवारी सकाळी दहाला तू फक्त खुर्चीत बसायचं आणि मनसोक्त रडायचं! बाकी सगळं माझ्यावर सोड!" मशीनकाकांनी बायकोला छाती ठोकून सांगितलं. थिएटरच्या मशीनरूममध्ये अडतीस वर्षं काढलेल्या माणसाने एक सिनेमा दाखवण्यासाठी छाती ठोकली, तर त्यात चूक काय? काहीच नाही! पण काकांची छाती आणि संकट यांचं जुनं सूत होतं. एकीवर हात पडला की दुसरं दारात हजर.

त्याचं असं झालं, थिएटरमधली जुनी मशीनं निघणार होती. मालक भला माणूस. म्हणाला, "काका, निरोपाचा एक खेळ तुमच्या आवडीचा लावा." काकांनी लगेच हॉलिवूडचा तो जुना, गाण्यांचा रडका सिनेमा मागवला. तोच हो, कपडे धुणाऱ्या मुलीचा! ती गाते, लंगडा पियानोवाला वाजवतो, दोघांचं जुळतं, आणि मग तिला खोकला लागतो. भाषा परकी, पण बायका दोन-दोन रुमाल घेऊन यायच्या. आणि त्या नटीचं रडणं! डोळ्यात थेंब उभा राहायचा, व्हायोलिन वर चढेपर्यंत दम धरायचा आणि नेमका सुरावर ओघळायचा. काकांनी तो थेंब दोनशे वेळा पाहिला होता, आणि दोनशेही वेळा शर्टाच्या बाहीने डोळे पुसले होते. नट असा देखणा की तो पडद्यावर आला की अख्ख्या रांगा केस सावरायच्या. गाण्यातला आवाज मात्र त्याचा नव्हता. गाताना त्याच्या मानेची शीर हलत नाही, हे काकांनी पहिल्याच दिवशी हेरलं होतं. पण ते कुणाला बोलले नाहीत. आवडत्या माणसाची उणीदुणी कशाला काढायची?

काकांची बायको त्याच थिएटरात तिकीटखिडकीवर होती, म्हणून सगळे तिला खिडकीकाकू म्हणत. खिडकी बंद केली की ती आत येऊन मागे उभ्याने सिनेमा बघायची. पण सिनेमाच्या रिळांचा शेवटचा, दहावा डबा मशीनवर चढला की बाहेर पुढच्या खेळाची रांग लागलेली! पळ खिडकीवर! त्यामुळे सिनेमा अकरा आठवडे चालला, तरी काकूने शेवट एकदाही पाहिला नव्हता. रविवारी तो शेवट दाखवायचा, एवढाच काकांचा बेत होता.

रविवारी पंधराएक माणसं जमली. दारावर बॅटरीदादा होता, म्हणजे अंधारात बॅटरी दाखवून लोकांना जागेवर बसवणारा जुना डोअरकीपर. काकूने शेजारच्या शिवणवाल्या ताईला हाताला धरून आणलं होतं. ताईचं येत्या गुरुवारी छातीचं ऑपरेशन होतं, आणि गेले चार दिवस ती शिलाई मशीनवर कापड घालून भिंतीकडे बघत बसली होती.

"चल गं, चार गाणी ऐक. मन रमेल," काकू म्हणाली.

वर काकांनी डबे ओळीने मांडले. एक, दोन, तीन... दहाव्या डब्यावर हात पडला आणि त्यांना दरदरून घाम फुटला!

कारण काकांना आठवलं. सिनेमा चालू असतानाच काकू आजारी पडली होती. छातीचंच दुखणं. सहा आठवडे हॉस्पिटलात, डॉक्टर नजर चुकवायला लागलेले. एका दुपारी तिने विचारलं, "अहो, खरं सांगा. शेवटी ती बरी होते ना?" आणि काकांनी ठोकून दिलं, "होते म्हणजे? ठणठणीत होते! लग्न करते, गाते, अंगानेसुद्धा भरते!" खरं तर दहाव्या डब्यात ती पियानोवर मान टाकते. काकू मात्र बरी झाली, आणि तेव्हापासून जगाला सांगत आली, "आमचे हे एक वेळ उपाशी राहतील, पण माझ्याशी खोटं बोलणार नाहीत!" आणि आता शहाण्याने स्वतःच्या हाताने स्वतःची थाप पडद्यावर दाखवायला घेतली होती!

काकांनी गुपचूप दहावा डबा उचलला आणि जिन्यातल्या वाळूच्या बादलीमागे दडवला.

नऊ डबे झकास झाले. ताई तर साठ नाचणाऱ्यांच्या जिन्यावरच्या नाचाला चक्क हसली. मग काकांनी दिवे लावले आणि ते मशीनरूमच्या झरोक्यातून ओरडले, "मंडळी, घोटाळा झाला! शेवटचा डबा आलाच नाही!"

"असं कसं?" म्हणत बॅटरीदादा उठला, आणि दोन मिनिटांत डबा घेऊन वर हजर! "काका, बादलीमागे टाकला होता कुणीतरी! मेल्याला काही लाज?"

"नाही ना," काका म्हणाले. "पण आता दिवासुद्धा गेलाय रे मशीनचा."

"नवा आहे की कपाटात! आणतो!"

दादाचा उत्साह ऊतू चालला होता. काकांना दुसरं काही सुचेना. त्यांनी पोट धरलं आणि स्टुलावर बसकण मारली. "आई गं! कळ आली!"

झालं! काकू, ताई आणि दादा असे तिघं त्या काडेपेटीएवढ्या खोलीत घुसले. कुणी वारा घालतंय, कुणी पाणी पाजतंय. काकू पदराने त्यांचं कपाळ टिपत होती.

"दादा, खेळ बंद करा," ती म्हणाली. "राहिला शेवट तर राहिला. मला काही करायचं नाही त्याचं. हे बरे असले की झालं!"

सुटले की काका! पण सुटकेचा श्वास घेता येईना. तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांना स्वतःची इतकी शरम वाटली की ते ताडकन उठले.

"कळ गेली. जा, खाली बस. लावतो."

दहाव्या डब्यानंतर दुसरा डबा चढवायचा नसतो. म्हणून तो सुरू करून काका खाली आले आणि काकूच्या शेजारी बसले. इतक्या वर्षांत या थिएटरात दोघं प्रथमच शेजारी बसले होते.

"अगं, ऐक, तुला एक सांगायचंय..."

"गप्प बसा हो, बघू द्या!"

नटी पियानोपाशी आली. गायली. व्हायोलिन चढलं, थेंब ओघळला, आणि तिने मान टाकली. काकूने अंधारात काकांचा हात धरला. आधी नुसता धरला, मग इतका आवळला की हाडं कुरकुरली.

"त्या दिवशी तुम्हाला हे ठाऊक होतं?" ती कुजबुजली.

"हो."

"आणि मी ते कडू औषध ढोसत होते, की ती काडीपहिलवान बरी होते तर मला काय धाड भरलीय म्हणून!" तिने डोळे पुसले, पण हात सोडला नाही.

दिवे लागले. पुढच्या रांगेत ताई ओक्साबोक्शी रडत होती. "म्हणजे नाहीच वाचली ना हो ती? एवढं सगळं करूनही नाहीच!"

काकू उभी राहिली.

"छे गं! काहीतरीच काय!" ती खणखणीत आवाजात म्हणाली. "शेवटचा डबा दुसऱ्याच सिनेमाचा होता! ह्यांनी चुकून लावला!"

"मशीनकाकांनी?" बॅटरीदादाचा जबडाच खाली आला. "चुकीचा डबा?"

"पण नटी तर तीच होती," ताई हुंदका गिळत म्हणाली.

"त्यात मरते ती, यात नाही! यात चांगली ठणठणीत होते. विचार ह्यांना!"

पंधरा माणसं काकांकडे बघायला लागली. अडतीस वर्षांत डबा सोडा, त्यांचं एक मिनिट चुकलं नव्हतं. त्यांनी काकूकडे पाहिलं, ताईच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि घसा खाकरला.

"हो. डबा चुकला माझा. खऱ्या शेवटात बरी होते ती. लग्न करते. अंगानेसुद्धा भरते."

ताईने नाक पुसलं, मोठ्ठा श्वास घेतला आणि कंबरेवर हात ठेवून काकांना फैलावर घेतलं. "मग नीट बघून लावावं ना माणसाने! इथे माझा जीव अर्धा झाला! होत नसेल या वयात, तर नाही म्हणावं सरळ!"

"चुकलं, ताई," काका म्हणाले.