वॉटलबर्ड ड्राइव्हवरचं गाढव

आमच्या गुनारूक गावात कुणी शिंकलं तर मला आधी कळतं, शिंकणाऱ्याला नंतर! ही बढाई नाही, वस्तुस्थिती आहे. माझ्याकडे सहा स्कॅनर आहेत, म्हणजे बंबवाल्यांचं बोलणं पकडणारे रेडिओ, आणि सातवा हातात धरायचा. जिल्ह्यात कुठं गवत पेटलं, कुणाची गाय तळ्यात रुतली, कोण आपल्याच छपरावर चढून तिथंच अडकून बसलं, सगळं मला बसल्या खुर्चीत ऐकू येतं. पूर्वी तर पोलिसांचंही यायचं. काय दिवस होते ते! मग सरकारला काय दुर्बुद्धी झाली कोण जाणे, पोलिसांचं बोलणं सांकेतिक करून टाकलं. पाठोपाठ ॲम्ब्युलन्सचं. आता तिथं नुसती खरखर येते. मी तीसुद्धा ऐकतो. न जाणो, एखादा शब्द निसटायचा!

"दिवसभर ऐकतोस तरी काय?" माझी बायको ग्लेनिस विचारते.

"जिल्हा."

"आणि मी बोलते ते?"

"हं," मी म्हणतो. माझ्या एका कानात इयरफोन असतो, दुसरा कान संपूर्ण तिचाच. आता तो दुसरा कान जरा अधू आहे, याला मी काय करू?

तर त्या दिवशी ग्लेनिसचा स्पंज केक ओव्हनमध्ये होता. दुसऱ्या दिवशी आमच्या गावचं वार्षिक प्रदर्शन. बाहेरच्या माणसाला वाटतं की प्रदर्शन म्हणजे मेंढ्या, बैल आणि भलेमोठे भोपळे. छे! खरं युद्ध केकच्या टेबलावर असतं. तिथली पहिल्या नंबरची निळी फीत दरवर्षी डल्सी वॅगस्टाफ नेते आणि ग्लेनिस दुसरी येते. दरवर्षी! बक्षीस देताना पाहुणे "छान प्रयत्न" म्हणतात, ग्लेनिस हसते आणि घरी येऊन भांडी अशी घासते की त्यांचा मुलामा उडावा.

या वर्षी मात्र तिनं पंधरवडाभर एकेक करून बदकाची अंडी जमवली होती. स्पंज फुगतो तो बदकाच्या अंड्यानं. कोंबडीच्या अंड्याचं नाव आमच्या घरात काढायची सोय नव्हती. केक संध्याकाळी पाचच्या आत प्रदर्शनाच्या हॉलमध्ये पोचवायचा होता. ती ओव्हनसमोर हात जोडून बसायचीच काय ती बाकी होती, तेवढ्यात फोन आला. हॉलची किल्ली ग्लेनिसकडे आणि टेबलं मांडणाऱ्या बायका बाहेर उन्हात!

ग्लेनिसनं घरात दुसरं कुणी नाही याची खात्री करून घेतली आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"नोएल, एकच काम. घंटी वाजली की केक बाहेर काढायचा. बस."

"अगं, अख्ख्या जिल्ह्याची संकटं सांभाळतो मी!"

"ऐकतोस. सांभाळत नाहीस. तो इयरफोन काढ."

काढला. तिची गाडी वळली. पुन्हा घातला. माणूस रिकामा कान घेऊन किती वेळ बसणार?

आणि माझं नशीब बघा! इयरफोन घालतोय न घालतोय तोच आमच्या फायर ब्रिगेडची कॅप्टन ट्रुडी बोलताना ऐकू आली. ट्रुडी एरवी शाळेची बस चालवते, त्यामुळे तिचा आवाज रेडिओशिवायही जिल्ह्यात पोचतो.

"कंट्रोल, बोलिंग क्लबच्या वळणावर ट्रक कलंडलाय. ड्रायव्हर ठणठणीत आहे. माल रस्त्यावर सांडलाय."

"कसला माल?"

तिनं एरवीचा मोठा आवाज बराच खाली आणला.

"संडास."

"पुन्हा सांगा."

"संडास हो, संडास! प्रदर्शनासाठी भाड्यानं मागवलेले! सगळे आडवे!"

आता तुम्हीच सांगा, असं दृश्य आयुष्यात किती वेळा बघायला मिळतं? क्लब तर घरापासून जवळच, टेकाडाच्या पलीकडे. घंटी वाजायच्या आत जाऊन परत येता आलं असतं. हातातला स्कॅनर उचलला आणि निघालो. घरातले सहाही चालूच ठेवले, आवाज पूर्ण मोठा. घरात कुणीतरी बोलतंय असं वाटलं की चोर येत नाही. बघा, किती पुढचा विचार करतो मी!

क्लबच्या व्हरांड्यात अर्धं गाव हातात ग्लास घेऊन जमलं होतं. समोर रस्त्यावर हिरवे संडास आडवेतिडवे पसरलेले आणि ट्रुडी कमरेवर हात ठेवून त्यांच्यामध्ये उभी.

"आला! नोएल आला! आता आतली बातमी कळेल!" कुणीतरी ओरडलं. मला लगेच खुर्ची मिळाली, बिअर मिळाली. शेजारी आमचा शेजारी मर्व्ह होता, पलीकडे साक्षात डल्सी वॅगस्टाफ. तिचा केक सकाळीच भाजून झाला होता, त्यामुळे बाई निवांत होत्या. मी रेडिओवरचा शब्दन् शब्द समजावून सांगू लागलो. दोन मिनिटांत परतायचं ठरवलं होतं खरं, पण एकेक संडास उभा राहत होता, लोक टाळ्या वाजवत होते, अशा वेळी ऐन रंगात आलेली मैफल सोडून उठायचं कसं?

तेवढ्यात हातातला स्कॅनर बोलला. "गुनारूक बंब, घराला आग लागल्याचा संशय. तीनशे चाळीस, वॉटलबर्ड ड्राइव्ह. पोस्टमनला धूर दिसला."

ट्रुडी आणि तिची माणसं बंबावर चढली आणि भोंगा वाजवत निघून गेली.

मर्व्ह ताडकन उठला. "नोएल, अरे ते तर—"

"शूऽऽ! रेडिओ बोलतोय!" रेडिओ बोलत असताना कुणी बोलायचं नाही, हा माझा नियम सगळ्या गावाला ठाऊक आहे.

"वॉटलबर्ड ड्राइव्ह म्हणजे कुठं रे?" मागून एकानं विचारलं.

"ती नवी वसाहत! मेलबर्नहून आलेली मंडळी! रस्त्यांना पक्ष्यांची नावं द्यायची दुसऱ्या कुणाला सुचणार? यांना दहा प्रकारची कॉफी करता येते, पण टोस्ट भाजायला घेतला की बंब बोलवावा लागतो!"

"नोएल, वॉटलबर्ड ड्राइव्ह म्हणजे आपला—"

"मर्व्ह! एकदा सांगितलेलं कळत नाही का तुला?"

मर्व्हचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो कोपऱ्यात जाऊन घाईघाईनं कुणाला तरी फोन करू लागला. मी लक्ष दिलं नाही. आग लागल्यावर कुजबुजत फोन करणाऱ्यांचा मला मनस्वी तिटकारा आहे.

मग ट्रुडीचा आवाज आला. "कंट्रोल, घरात कुणी नाही. आग ओव्हनपुरतीच, विझवली. धूर मात्र भरपूर."

मर्व्हनं मोठा सुस्कारा सोडला. फोन खिशात टाकला. आपली खुर्ची माझ्या अगदी समोर ओढून घेतली आणि बसला. त्याच्या चेहऱ्यावर असं हसू मी त्याची सासू परत गेली तेव्हाच पाहिलं होतं.

"बरं नोएल, तू जाणकार माणूस. ओव्हन चालू ठेवून बाहेर भटकणारा माणूस कसा असेल, सांग बघू."

"गाढव!"

"नुसतं गाढव?"

"पदवीधर गाढव! अशा माणसाला काडेपेटीसुद्धा विकू नये!"

सगळा व्हरांडा कान देऊन ऐकत होता. असे श्रोते मिळायला भाग्य लागतं.

"त्याला बायको असेल का रे?" डल्सीनं विचारलं.

"असेल तर तिचीही कमाल आहे! असल्या माणसाला ओव्हनपाशी एकटं सोडून गेलीच कशी?"

"मलाही तेच नवल वाटतंय," डल्सी म्हणाली.

एवढ्यात ट्रुडी पुन्हा बोलायला लागली. "कंट्रोल, ओव्हनमध्ये केकचे दोन डबे—कुईंऽऽऽऽ!" कानठळ्या बसवणारी शिट्टी! "कंट्रोल, मी म्हणते, केक—कुईंऽऽऽऽ!"

लोकांनी कानांवर हात ठेवले. मी मात्र खूष झालो. इथं ज्ञान लागतं!

"ही शिट्टी कसली, कळलं का? ट्रुडी उभी आहे ना, त्या घरात स्कॅनर चालू आहे! तिचा आवाज त्यातून बाहेर पडतो आणि पुन्हा तिच्याच माइकात शिरतो!"

"असं होय!" मर्व्ह म्हणाला. "म्हणजे त्या गाढवाकडे स्कॅनर आहे?"

"एक कसला? एका स्कॅनरची शिट्टी इतकी मोठी नसते. चांगले पाच-सहा असणार! आणि आवाज पूर्ण वाढवून ठेवलाय मूर्खानं!"

"पाच-सहा! अरे पण आपल्या गावात इतके स्कॅनर आहेत तरी कुणाकडे?"

"छट्! माझ्याशिवाय कुणाक—"

सगळा व्हरांडा माझ्याकडे वाकला.

"मर्व्ह," मी म्हणालो, "आपल्या रस्त्याचं नाव काय?"

"तुझ्या मते काय?"

"उकिरडा रोड! आपल्या आजोबांच्या वेळेपासून!"

"मार्चमध्ये बदललं, बाबा. उकिरडा रोड असा पत्ता सांगायची लाज वाटते म्हणून तुझ्याच बायकोनं अर्ज केला होता. सभा तुझ्याच दिवाणखान्यात झाली."

"मी कुठं होतो?"

"कोपऱ्यात, इयरफोन लावून. ठरावाला हातसुद्धा वर केलास!"

मग जे हसू फुटलं, ते तिकडे उभे केलेले संडास पुन्हा आडवे होतील असं होतं. लोक एकमेकांच्या पाठी बडवत होते. मी उठायला लागलो, तर मर्व्हनं मला पुन्हा खुर्चीत बसवलं.

इतक्यात स्कॅनरमध्ये शिट्टी एकदम थांबली. कुणीतरी घरातले सगळे प्लग उपटले असावेत. ट्रुडी म्हणाली, "कंट्रोल, घराच्या मालकीणबाई आल्यात. नियमात बसत नाही, पण त्यांना एक निरोप द्यायचाय."

"नोएल," ग्लेनिसचा आवाज आला. त्या रेडिओवर कधीतरी माझं नाव यावं, ही माझी जुनी इच्छा होती. "तू क्लबातच असशील. डल्सीही असेल तिथं. तिला सांग, या वर्षीही फीत तिचीच. माझी अंडी संपली."

बस, एवढंच. ती ओरडली असती, मला शिव्या दिल्या असत्या, तर मी आयुष्यभर ऐकून घेतलं असतं. पण आवाजात राग नव्हताच. नुसती दमलेली वाटली. व्हरांड्यातलं हसू विरलं. लाज वाटली हो, सरळ लाज वाटली.

डल्सीनं ग्लास खाडकन टेबलावर आपटला.

"बघत काय बसलायस, मेल्या? सांग तिला, माझ्याकडे बदकाची अंडी शिल्लक आहेत! पाचला अजून अवकाश आहे! कोळशाला हरवून मिळालेली फीत मला नकोय!"

मी स्कॅनर तोंडाशी नेला. "ग्लेनिस! हॅलो! अगं, अंडी आहेत! ऐकतेस ना? ग्लेनिस! डल्सी देतेय अंडी! हॅलो! हॅलो!"

मर्व्हनं हळूच माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"नोएल, त्याच्यातून फक्त ऐकू येतं."

मग धावलो. डल्सीच्या घरून अंडी घेतली, माझ्या हॅटमध्ये ठेवली आणि मर्व्हच्या गाडीत हॅट मांडीवर धरून बसलो. आयुष्यात कुठली वस्तू मी इतक्या जपून धरली नव्हती, लग्नातली अंगठीसुद्धा नाही. आमच्या फाटकावर एक हिरवी पाटी होती, तीनशे चाळीस. मी ती रोज पाहत होतो. मला वाटायचं, ग्लेनिसनं कुठल्याशा सेलमधून आणलीय!

ग्लेनिस पाटीपाशीच उभी होती.

"कुणाची अंडी?"

"डल्सीची. ग्लेनिस, ऐक, माझं खरंच चुकलं. मी—"

"हं," ती म्हणाली आणि हॅट घेऊन मर्व्हच्या घराकडे चालू लागली. समोरच्याला नुसतं "हं" ऐकून कसं वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं.

मर्व्हच्या स्वयंपाकघरात मला ओव्हनसमोर स्टुलावर बसवण्यात आलं. दोन्ही कान उघडे, हात मांडीवर, खिसे तपासलेले. घंटी वाजली तेव्हा मी असा उडालो की मर्व्हचं कुत्रं भुंकायला लागलं. पण केक! काय फुगला होता म्हणून सांगू! ग्लेनिसनं गार करून त्यात क्रीम भरलं आणि पाचच्या ठोक्याला आम्ही हॉलमध्ये हजर. टेबलावर तिचा आणि डल्सीचा केक शेजारी शेजारी होते. ग्लेनिसचा बोटभर उंच! डल्सीनं स्वतः वाकून पाहिलं आणि म्हणाली, "गेली माझी फीत!"

दुसऱ्या दिवशी परीक्षक आले. त्यांनी ग्लेनिसच्या केकची उंची पाहून मान डोलावली. कापला, पुन्हा डोलावली. तुकडा तोंडात घातला आणि त्यांची मान मधेच थांबली. त्यांनी हुंगलं. पुन्हा हुंगलं. डल्सी पहिली, ग्लेनिस दुसरी. शेरा होता, "उत्तम केक, परंतु धुराचा वास येतो."

केक मर्व्हच्या घरचा होता हो! पण क्रीम आमच्या फ्रिजमधलं होतं.

ग्लेनिसनं तो शेरा काचेच्या चौकटीत घालून दिवाणखान्यात लावलाय, जिथं माझे स्कॅनर असायचे त्या जागी. स्कॅनर आता मागच्या शेडमध्ये आहेत. सध्या मीही तिथंच असतो. पण एक सांगू का? तिला सांगू नका. शेडमध्ये सिग्नल घरापेक्षा कितीतरी स्वच्छ येतो!