सिस्टरच्या परीक्षेचे आजारी

येत्या रविवारी साथरोगाची वही दिली नाही, तर संध्याबाईंचं वर्ष बुडणार होतं. कुरुंद्याजवळच्या उपकेंद्रातली नोकरी सांभाळून त्या दूरशिक्षणानं नर्सिंगची पदवी घेत होत्या. पुस्तकं टपालानं यायची, महिन्यातून एका रविवारी शहरात सरांचा वर्ग असायचा. या वेळचा घरचा अभ्यास असा, की गावातली एखादी साथ घ्या, आजारी पडलेल्यांना आणि न पडलेल्यांना काय खाल्लं ते विचारा आणि कारण शोधून काढा.

नेमकं नरसिंगच्या नातवाच्या बारशाला गाव जेवलं आणि दुसऱ्या दिवशी नऊ जणांची पोटं बिघडली. बाईंनी औषधपाणी करून सगळ्यांना उठवून बसवलं आणि वही घेऊन निघाल्या. चूक एवढीच, की निघताना दाई सखुबाईला त्यांनी कारण सांगितलं. सखुबाईनं ते आपल्या पद्धतीनं गावभर केलं.

"बाईच्या परीक्षेला आजारी मानसं लागून राहिली."

गावातली निम्मी लेकरं बाईंच्या हातावर जन्मलेली. त्यांच्यासाठी पोट दुखायला कोण नाही म्हणणार? रामकिशननं घरातले सातही जण लिहायला लावले. प्रेमानंद मास्तर तर रस्त्यातच आडवे आले.

"मलाबी लिहा, सिस्टर."

"तुम्ही त्या दिवशी गावात नव्हता, हट्ट्याला होता ना?"

"मंग? हट्ट्यात पोट बिघडत न्हाई का?"

एकटा नरसिंग तेवढा घुश्शात होता. "माझ्या पंगतीला नाव काहून ठेवून राहिल्या, बाई?" म्हणून त्यानं दारातूनच वाटेला लावलं.

संध्याकाळी बेरीज झाली. जेवलेले एकशे दहा, आजारी एकशे सव्वीस. बाईंनी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पारावर सगळ्यांना समजावलं, की चांगली राहिलेली माणसंही लागतात. गावानं माना डोलावल्या आणि दुपारपर्यंत झाडून सगळं गाव ठणठणीत झालं. सलाईन घेतलेली जनकाबाईसुद्धा म्हणाली, "मला काय धाड भरली? चांगली लिहा."

शनिवारी बाई खाडाखोडीनं भरलेल्या वहीपुढं बसल्या होत्या. वर्ष गेलंच होतं. तेवढ्यात दारात नरसिंग आला.

"मठ्ठा पुरंना," तो खाली बघत म्हणाला. "शेवटच्या पंगतीला ढोराच्या हौदातलं पानी वतलं. ती पंगत आजारी लिहा, बाकीच्या चांगल्या."

बाईंनी उपकेंद्राचं रजिस्टर काढून नावं वाचली, नरसिंग एकेकाची पंगत सांगत गेला. औषध नेलेले नऊच्या नऊ शेवटच्या पंगतीतले निघाले.

"नरसिंगभाऊ, हे गावात कळलं तर?"

"कळू द्या. सून आडली तवा तुमी दोन दिवस घरी गेल्या न्हाईत. तुमचं वरीस माझ्या मठ्ठ्यापायी बुडावं व्हय?"

बाईंचे डोळे भरून आले. या माणसाचे उपकार कसे फेडावेत, त्यांना सुचेना. "मी 'एका घरी' एवढंच लिहिते," त्या म्हणाल्या. "तुमचं नाव नको."

नरसिंगनं स्टूल ओढलं आणि वहीजवळ बसला.

"नाव घाला. बापाच्या नावासकट. निनावी वाटलं तर तुमचे सर मार्क कापतील."