बॅग इकडं द्या

आमच्या अहमदपुरात पाहुण्यानं पायात चप्पल घातली, की गंगाधर कुठूनही उगवायचा. पाहुणा कोणाचाही असो. "बॅग इकडं द्या," म्हणून स्टँडची वाट धरायचा. लाल गाडी फलाटाला लागते न लागते तोच त्याचा रुमाल खिडकीतून सीटवर पडलेला असे. "खिडकीचीच जागा पाहिजे. जाणारा माणूस दिसला पाहिजे."

आमचे रेणापूरचे सोयरे मुक्कामाला आले होते. पान खायला म्हणून बाहेर पडले आणि गंगाधरच्या तावडीत सापडले. रुमाल टाकलेला बघून भिडेपोटी त्यांना नाही म्हणवेना. रेणापुरातून फोन आला, "आमची बॅग तिकडंच हाय."

हल्ली पाहुणे मोटारीनं येतात. तरी गंगाधर बॅग डिकीपर्यंत नेतो आणि सवयीनं खिडकीतून रुमाल आत टाकतो.

गल्ली हसायची. मागं बोलायची, "स्वतःची बायको गेली तवा जागचा हलला न्हाई, आता जगाला पोचवायलाय." मी ऐकून गप्प बसायचो.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या सलीमभाईंची रुबीना सिनेमा काढायला आली. उतारवयात मोडणाऱ्या लग्नाची गोष्ट. नवरा म्हणून तिनं गंगाधरला धरलं. बोलायचं काहीच नव्हतं. बायको बॅग घेऊन निघते, यानं खुर्चीत बसून राहायचं.

कॅमेरा सुरू झाला. बायकोचं काम करणाऱ्या बाई उंबऱ्याशी पोचल्या आणि गंगाधर उठला. "बॅग इकडं द्या."

"काका, उठायचं न्हाई!"

पुन्हा सुरू. पुन्हा उठला.

"काका, लग्न मोडायलंय इथं!"

"मोडू दे की, बेटा. पण बॅग लई जड हाय."

"रिकामी हाय ती!"

"मग रिकामी बॅग घेऊन बाई चालली कुठं?"

सगळे हसले. शेवटी रुबीना माझ्याकडे वळली. "गुरुजी, ते तुमचंच ऐकतात. तुम्हीच सांगा, बस म्हणून."

ते खरं होतं. सुमनवहिनी, त्याची बायको, बॅग घेऊन दारात उभ्या राहिल्या, तेव्हा आम्ही दोघं कॅरम खेळत होतो. भांडण किरकोळ होतं. गंगाधर अर्धा उठला होता. मीच म्हणालो, "बस रे. येतील संध्याकाळी." तो बसला. वहिनी दाराशी थोडं थांबल्या, मग गेल्या. परत आल्या नाहीत. गल्लीनं सगळा बोल त्याला लावला. त्यानं माझं नाव कधी घेतलं नाही. मीही नाही.

कॅमेरा पुन्हा सुरू झाला. बाई दारात पोचल्या. गंगाधर अर्धा उठला, थांबला, आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"जा," मी म्हणालो. "रुमाल हाय ना खिशात?"