कासमचाचांची हरकत

कासमचाचांबद्दल लिहायचं मी फार वर्षं टाळलं. आमच्या नगर जिल्ह्यातल्या त्या गावात जुनी माणसं अजून त्यांना ‘वेडा पिंजारी’ म्हणतात. ते वेडे नव्हते. हे सांगू शकणारा आता बहुधा मीच उरलो आहे.

चाचा आमच्या समोर राहायचे, गाद्यांचा कापूस पिंजायचे. त्यांचं कुठलंही बोलणं ‘हरकत न्हाई’ने सुरू व्हायचं. एकदा घोडेगावच्या बाजाराला निघालेल्या म्हशीने त्यांच्या ढिगातला कापूस खाल्ला. मालक घाबरला. चाचा म्हणाले, “हरकत न्हाई. पण गादी पाटलाची हुती. आता रातीला म्हसच पाठव त्याच्याकडं, तिच्यावर झोपंल.” खरं म्हणणं ‘पण’च्या पुढे असतं, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

कापसाचा पुंजका रस्त्यावर उडाला तरी चाचा त्याच्यामागे धावायचे. त्यांच्या दारापुढचा रस्ता गावात सगळ्यांत स्वच्छ. तिथेच त्यांच्या बायकोची, रहिमतचाचींची, खाट असायची. अर्धांगाने त्यांची एक बाजू गेली होती. घर एकाच खोलीचं, खिडकी नाही, आणि दुसऱ्या महायुद्धामुळे रॉकेल मिळत नव्हतं. चाची दिवसभर खाटेवरून जाणाऱ्या-येणाऱ्यांना अडवायच्या, मलाही. “दत्तू, तोंड का पाडलंय? आईनं आज कारलं केलंय व्हय?”

त्याच सुमारास नगरपालिकेने रस्ते स्वच्छ ठेवण्याचे नियम करायला घेतले. रस्त्यावर कचरा टाकू नये, सांडपाणी सोडू नये, खाट किंवा गाडा ठेवू नये. ज्यांची हरकत असेल त्यांनी येऊन सांगावी, अशी दवंडी फिरली. मी तिथे हंगामी कारकून होतो. हरकती लिहून घेण्याचं काम माझ्याकडे आलं.

सभेला ही गर्दी! एक दुकानदार म्हणाला, “नियम उत्तम आहेत, फक्त आमच्या पेठेला लावू नका.” एका म्हातारीने विचारलं, “कचरा भाईर टाकू नको म्हंता, मग काय देवाऱ्यात ठिवू?” मग कासमचाचा उठले. धुतलेला सदरा, दाढीत कापूस.

अध्यक्षांनी विचारलं, “तुमची काय हरकत?”

“हरकत न्हाई. पण आमची खाट...”

“हरकत नाही ना? मग बसा. पुढचे कोण?”

सभा हसली. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. ‘साहेब, यांचं बोलणं अजून संपलेलं नाही,’ एवढंच मला म्हणायचं होतं. पण माझी नोकरी कायम व्हायची होती, आणि अध्यक्षांना मध्ये बोललेलं खपत नसे. मी लिहिलं: कासम पिंजारी, हरकत नाही.

नियम मंजूर झाले. पालिकेच्या शिपायाने खाट उचलून आत ठेवली.

त्यानंतर चाचा उंबऱ्यात उभे राहून दिवसभर ओरडू लागले. “गणपा चाललाय! तांबडं खोंड घेतलंय, लई नाचतंय!” “मास्तरीनबाईंची छत्री उलटी झाली!” हातात पिंजण असलं तरी तोंड चालूच. लोक म्हणाले, म्हातारा गेला कामातून. रस्त्यावरच्यांना फक्त त्यांचं ओरडणं ऐकू यायचं. आम्ही समोर राहायचो म्हणून आम्हाला आतलं चाचींचं हसूही ऐकू यायचं.

नोकरी कायम झाली. एका सकाळी धीर करून मी माफी मागायला गेलो. मला येताना पाहून चाचांनी दाराबाहेरच्या चपला घाईघाईने आत ओढल्या.

“रस्त्यावर काय बी न्हाई साहेब. बघून घ्या.”

आजवर त्यांनी मला कधी साहेब म्हटलं नव्हतं.

आतून चाचींनी विचारलं, “कोन आलंय?”

“आपला दत्तू! नवा कोट घातलाय!”

“मग काय म्हनतोय?”

चाचा माझ्या तोंडाकडे पाहत थांबले. अंधारात चाचीही थांबल्या असाव्यात. 

“काही नाही,” मी म्हणालो, “सहज आलो होतो.”

चाचांनी मान आत वळवली आणि मोठ्याने सांगितलं, “काय न्हाई, सहज आलाय!”